एक-तीन-चार-दोन
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

कवी माणसाला रेडिओवर बोलावलं की तो कविता म्हणणार, हे ऐकणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. आज मी कविता म्हणणार नाही. मधल्या काळात जवळजवळ आठ महिने मी एका जुन्या मोटारीचं इंजिन बांधत होतो, त्याची हकिगत सांगणार आहे. बांधत होतो म्हणजे, बांधत होते माझे मोठे भाऊ. हात तेवढे माझे होते.

अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की तीस-पस्तीस किलोमीटरवर आमचं पातूर. डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत, रेणुकामातेची टेकडी आहे, शेख बाबूंचा दर्गा आहे. जुन्या कागदांत गावाचं नावच 'पातूर शेख बाबू' असं सापडतं. आणि गाव मागे पडलं की घाट सुरू होतो. घाटाच्या पायथ्याच्या गावात दोन धंदे हमखास चालतात, एक चहाचा आणि दुसरा गॅरेजचा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. मग घाट चढताना ज्या गाड्यांची रेडिएटर उकळायची, त्या ढकलत ढकलत अब्बांच्या गॅरेजसमोर येऊन उभ्या राहायच्या. आमच्या घराची चूल त्या वाफेवर पेटली म्हणा ना.

गावात एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे १९५६ सालची फियाट होती. पुढची दारं उलटी उघडणारी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, बांधा गोलमटोल. जुन्या मुंबईकरांना ती लगेच ओळखता येईल. त्या मॉडेलला सगळा महाराष्ट्र 'डुक्कर फियाट' म्हणायचा. आता पंचाईत बघा. गॅरेज आमचं, मुसलमानाचं. अब्बा तो शब्द कधी उच्चारायचे नाहीत, ते म्हणायचे 'गोल फियाट'. गंमत अशी की डॉक्टरसाहेबही आमच्या दारात आले की 'मिस्त्री, आपली गोल गाडी जरा बघता का?' असंच विचारायचे. दवाखान्यात ते काय म्हणत असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक.

ही गाडी इटलीची, पण आपल्याकडे ती आली एका सोलापूरकराच्या कारखान्यातून. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला आणि १९४७ साली तिथून मोटारी बाहेर पडू लागल्या. आधी अमेरिकन बनावटीच्या, मग फियाट. १९५३ साली वालचंद गेले आणि त्याच साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात ही नवी अकराशे फियाट जगासमोर आली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. ताकद सुरुवातीला ३६ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या लहानातल्या लहान मोटारीपेक्षाही कमी. पण याच इंजिनाचं घराणं पुढे प्रीमियर पद्मिनीत चालत राहिलं आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून त्यानं लाखो माणसं वाहिली. ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावर दिसेनाशी झाली.

ती बातमी वाचूनच डॉक्टरांच्या मुलाला आपल्या गाडीची आठवण झाली असावी. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्यात नोकरी करून निवृत्त झालेला. गाडी वाड्याच्या पडवीत १९८९ पासून उभी. त्या नोव्हेंबरात तो आमच्याकडे आला आणि भाईजानना म्हणाला, 'चाचा, ही चालू करायचीय. जशी होती तशी.'

भाईजान सत्तरीच्या पुढचे. त्याआधी दोन वर्षांपासून त्यांना कंपवात झालेला. चहाचा कप बशीवर वाजायचा. गॅरेज पुतण्यानं मोटारसायकलींचं केलं होतं. मला वाटलं, ते नाही म्हणतील. ते उठले, वाड्यात गेले, बॉनेट उघडून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, 'होते. पन टाइम लागते.' मग माझ्याकडे वळून, 'शायर, तू आएगा?'

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सोळाव्या वर्षी गॅरेज सोडलं. अकोल्याला कॉलेजात गेलो, बी. ए. झालो, मराठीत कविता करू लागलो. कविसंमेलनाला निघण्याआधी मी नखं धुण्याच्या सोड्यानं घासायचो, काळं राहू नये म्हणून. माझी फी भाईजान भरायचे, त्याच काळ्या नखांनी नोटा मोजून. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही नाही. तेव्हा 'आएगा?' या प्रश्नाला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

इंजिन जाम होतं. पस्तीस वर्षांत पिस्टन सिलिंडरला गंजानं चिकटून बसले होते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक भोकात रॉकेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि ठेवून दिलं. रोज सकाळी जाऊन पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावायचा, हलकेच दाब द्यायचा, नाही हललं की परत यायचं. जोर करायचा नाही, जोर केला की रॉड वाकतो. अकराव्या दिवशी पाना दोन बोटं सरकला. मी ओरडलोच. भाईजान म्हणाले, 'बस. आज का इतनाच.'

मग चेनकप्पी लावून इंजिन बाहेर काढलं आणि खोलायला घेतलं. मी हौसेनं प्रत्येक भागाला कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या, सुवाच्य मराठीत, 'कनेक्टिंग रॉड, दुसरा, वरची बाजू' वगैरे. दोन दिवसांत त्या तेलानं पारदर्शक झाल्या. भाईजान हसले आणि त्यांनी मला रॉडच्या टोप्या पुसून बघायला सांगितल्या. रॉडची टोपी म्हणजे क्रँकला खालून मिठी मारणारा अर्धा भाग. ती ज्या रॉडची त्यालाच बसली पाहिजे, अदलाबदल झाली की बेअरिंग जळतं. चिंधीनं पुसलं तर पहिल्या टोपीवर सेंटर पंचानं मारलेला एक ठिपका, दुसऱ्या टोपीवर दोन, मग तीन, मग चार. कारखान्याच्या खुणांच्या शेजारी ते वेडेवाकडे ठिपके. अब्बांचे. १९७४ साली अब्बांनी हे इंजिन बांधलं होतं. त्यांना अक्षर येत नव्हतं, ठिपके येत होते.

अब्बांच्या आणखी खुणा निघाल्या. हेडमधल्या व्हॉल्व्हच्या गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीतून वरखाली होते ती नळी, त्या कंपनीच्या नव्हत्या. त्या काळात माल मिळाला नसेल, तेव्हा अब्बांनी कांस्याच्या कांबीतून लेथवर त्या घडवून घेतल्या होत्या. आठपैकी सहा अजून मापात होत्या. डॉक्टरांच्या मुलाला दाखवल्या तर तो अडखळला. 'पण चाचा, या ओरिजिनल नाहीत ना?'

प्रश्न त्याचा बरोबर होता. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिली नोंदणी होऊन पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली, सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी वीस हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. (काटेकोर शौकीन तर १९३०नंतरच्या गाडीला व्हिंटेज म्हणतच नाहीत. त्यांच्या हिशेबानं आमची गोल फियाट अजून पोरसवदा.) तेव्हा मूळ म्हणजे काय, हा साधा प्रश्न नाही. मला व्यासपीठावर कुणी ना कुणी विचारतंच, 'तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे?' जणू मराठी माझ्यात मागाहून बसवलेला सुटा भाग आहे. मी उत्तर देत आलो आहे, पण त्या कांस्याच्या नळ्या हातात घेतल्यावर जे वाटलं ते मला कधी सांगता आलं नव्हतं. त्या पातूरला बसल्या, पन्नास वर्षं झाली, आणि त्यांच्यावाचून ते इंजिन चाललंच नसतं. भाईजाननी असला विचार केला नाही. ते म्हणाले, 'बाबू, घिसलेली नाही, तर काहून काढता?' सहा राहिल्या, दोन नव्या घडवल्या, त्याही कांस्याच्या.

खरी अडचण पुढे आली. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, मधून वाहणारं पाणी, अशा ठिकाणी ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. त्यातून पाणी खारं असेल तर विचारूच नका. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या दोन्ही अंगांना आपला खारपाणपट्टा. तिथल्या विहिरींचं पाणी पिकालाही चालत नाही. डॉक्टरांच्या रात्री-अपरात्रीच्या व्हिजिटा त्या गावांपर्यंत जायच्या. गाडी तापली की समोर दिसेल त्या विहिरीची बादली रेडिएटरात रिकामी व्हायची. कुणाच्या घरात बाळंतीण अडलेली असताना पाण्याची चव कोण बघणार? त्या बादल्यांचा हिशेब आता हेडमध्ये दिसत होता. पाण्याच्या वाटा उंदरानं कुरतडलेल्या पोळीसारख्या झालेल्या. मुंबईत चोरबाजार आणि कुर्ला पालथा घातला, पद्मिनीची हेडं मिळाली, पण घराणं एक असलं तरी प्रत्येक भाग जुळतोच असं नाही. शेवटी तेच हेड आर्गॉन वेल्डिंगनं भरून घेतलं आणि तळ मशीनवर सपाट करून घेतला. तोही जेमतेम, कारण तळ जास्त छिलला की वरची पोकळी लहान होते, दाब वाढतो आणि इंजिन ठोकायला लागतं.

ब्लॉकचं दुखणं वेगळं. सिलिंडर झिजतो तो गोल झिजत नाही. रॉड तिरका होताना पिस्टन एका अंगाला दाबला जातो, त्यामुळे भोक लंबगोल होतं. मग ते बोअरिंग करून पुन्हा गोल करायचं आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. हे दोन-तीनदा जमतं, नंतर भिंत पातळ होते. अब्बांच्या वेळीच शेवटचं माप होऊन गेलं होतं. बोअरिंगच्या दुकानात आम्हाला सल्ला मिळाला की ब्लॉक भंगारात टाका, पद्मिनीचा आणा, काम आठ दिवसांत होईल. आणखी एकानं मारुती व्हॅनचं इंजिन बसवून देतो म्हणून गळ घातली. व्यवहार म्हणून काही वाईट नव्हतं ते. पण इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक गेला की कागदावरची गाडी वेगळी आणि दारातली वेगळी. भाईजाननी चारही सिलिंडरात स्लीव्ह ठोकून घेतल्या, म्हणजे लोखंडी नळ्या दाबून बसवायच्या आणि त्या पुन्हा मूळ ६८च्या मापाला आणायच्या. कारागीर कुरकुरला, पण काम त्यानं चोख केलं.

व्हॉल्व्ह बसवण्याचं काम मला सर्वांत आवडलं. व्हॉल्व्हला पेस्ट लावायची आणि काठीच्या टोकाची रबरी वाटी त्यावर चिकटवून काठी दोन्ही तळव्यांत फिरवायची. ताक घुसळताना रवी फिरते तशी. आधी खरखर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. बैठक नीट जुळली की नाही हे बघायला भाईजान शेंदूर वापरतात. शेंदराचं बोट कडेला पुसायचं, व्हॉल्व्ह टेकवून फिरवायचा, रंग सगळीकडे सारखा उमटला तर बैठक खरी. हा शेंदूर ते मारुतीच्या देवळाजवळच्या पूजेच्या दुकानातून आणतात. दुकानदार पुडी बांधताना विचारतो, 'मिस्त्री, आज कोनाले लावता?'

आणि मग रिंगा. पिस्टनच्या खाचांत बसणाऱ्या या लोखंडी कड्या, ठिसूळ असतात. त्या दोन्ही अंगठ्यांनी हव्या तितक्याच फाकवून वरून उतरवाव्या लागतात. भाईजाननी आयुष्यात हजारो घातल्या असतील. डॉक्टरांची गोळी घेतली की दोन-अडीच तास त्यांचे हात बरे राहतात. तेवढा वेळ धरून आम्ही काम करत असू. रिंगा मीच घालणार, असं त्यांनी मला सांगितलं. पहिल्या पिस्टनच्या बसल्या. दुसऱ्याची पहिली रिंग उतरवताना कट् असा आवाज झाला. दोन तुकडे त्यांच्या दोन हातांत. मी म्हटलं, रिंगच खराब असेल. ते काही बोलले नाहीत. तुकडे डब्यात टाकले, हात पुसले आणि भिंतीशी स्टुलावर जाऊन बसले.

नवा संच मुंबईहून यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं. पार्सल आलं त्या दिवशी ते आले, स्टूल इंजिनाजवळ ओढलं आणि म्हणाले, 'अब तू कर. मैं बताता.' माझ्या हातून एक रिंग मोडली. ते बघून, खोटं कशाला सांगू, त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं. दुकानदारानं एक जादा पाठवली होती म्हणून निभावलं.

त्यानंतरचं सगळं तोंडी शिक्षण. रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर दाब तिथून निसटतो. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेला आवळायचे, एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. मी अर्धवट कळून मान हलवली की त्यांना कळायचं. 'पूछ ना,' म्हणायचे. पंचावन्न उलटलेल्या माणसाला असं कुणी म्हणत नाही हो.

मेअखेर इंजिन गाडीत बसलं. मी डिस्ट्रिब्युटर लावला, वायरी क्रमानं जोडल्या. या इंजिनाचा ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. क्रमवार ठिणग्या पडल्या तर क्रँकला एका अंगानं धक्के बसतील, म्हणून ही उलटसुलट चाल. लहानपणी अब्बा आम्हाला ती म्हणायला लावायचे, पाढ्यासारखी. वृत्तात लिहायला मी फार पुढे शिकलो, पण पहिली लय कानात बसली ती हीच.

सेल्फ मारला. कार्ब्युरेटरमधून असा भडाका झाला की दारातली शेळी दावं तोडून पळाली. पुन्हा मारला, पुन्हा भडाका. क्रम तपासला, बरोबर. भाईजाननी स्टुलावरूनच विचारलं, 'एक नंबर ऊपर है?'

'है.'

'कौनसा ऊपर?'

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा हवा-पेट्रोल दाबायला आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलायला. डोळ्यांना दोन्ही सारखेच. ठिणगी पहिल्या वेळी पडायला हवी. मी दुसऱ्या वेळेवर जुळवली होती. त्यांनी प्लग काढायला लावला आणि पुतण्याला पाना फिरवायला सांगितलं. मी म्हटलं, भाईजान, तुम्हीच बोट ठेवा. त्यांनी ठेवलं. बोट भोकाच्या कडेवर थरथरत राहिलं. त्यांनी ते उचललं. 'मेरे को पता नहीं चल रहा. तू रख.'

मी भोकावर बोट दाबलं. पिस्टन वर आला, काही नाही, नुसता उसासा. पुतण्यानं आणखी एक पूर्ण फेरा दिला. या वेळी आतून हवा अशी उसळली की बोट बाजूला फेकलं गेलं. फुस्स. 'ये!' मी ओरडलो. 'ये,' भाईजान म्हणाले.

डिस्ट्रिब्युटर काढून अर्धा फेरा वळवून बसवला. सेल्फ मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. आधी खोकत, मग सरळ. धूर गॅरेजभर. पुतण्या मोबाईलवर चित्रीकरण करत होता. डॉक्टरांच्या मुलाला पुण्याला फोन लावून मोबाईल इंजिनाजवळ धरला, तो तिकडून काहीतरी बोलत होता, कुणालाच ऐकू आलं नाही. भाईजान उठले आणि तळहात सपाट करून टॅपेटच्या झाकणावर ठेवला. झाकण थरथरत होतं, हातही. दोन्हींत फरक कळत नव्हता. 'तीन नंबर का टॅपेट बोलता है,' ते म्हणाले. मला काहीही ऐकू येत नव्हतं. थंड झाल्यावर फिलर गेज घालून बघितलं, तर तीन नंबरचाच ढिला होता.

नव्या बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीचे हजार किलोमीटर जपून चालवावं लागतं. वेग कमी, ओझं कमी, पहिलं ऑइल लवकर बदलायचं. गाडी पुण्याला नेण्याची घाई मालकानं केली नाही, हा त्याचा चांगुलपणा. दर रविवारी सकाळी मी चालवतो आणि भाईजान शेजारी बसतात, अकोल्याच्या बाजूला सपाट रस्त्यानं थोडं जाऊन परत. रस्त्यात कुणी तरी ओरडतंच, 'अरे, डुक्कर फियाट!' भाईजान खिडकीतून हात बाहेर काढून दुरुस्त करतात, 'गोल, गोल!' घाटाकडे गाडी वळवायची नाही, हजार पुरे झाल्याशिवाय नाही, असं त्यांचं फर्मान आहे. गेल्या रविवारी काट्यावर सहाशे बारा भरले होते.